मायफर्ड एमएल-७ : आधी मोजा, मग पाना उचला

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनला बनलेला मायफर्ड एमएल-७ हा छोटा लेथ, म्हणजे धातूचा तुकडा फिरवत ठेवून टूलने कापणारं यंत्र, दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ साली बाजारात आला. घरच्या खोलीत लेथ लावणाऱ्यांच्या दोन-तीन पिढ्या त्यावर हात बसवून गेल्या. सेंटर हाइट ३.५ इंच, दोन सेंटरांमध्ये २० इंच, स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) नाकावर १.१२५ इंचाचे १२ टीपीआय (इंचाला १२) आटे, हेडस्टॉक (स्पिंडल धरणारं डावं डोकं) आणि टेलस्टॉक (उजवीकडचा सरकता आधार) दोन्हीकडे २ नंबरचा मोर्स टेपर (निमुळत्या भोकाचं ठरलेलं माप), लीड स्क्रू (टूल लांबीने सरकवणारा लांब स्क्रू) ८ टीपीआय. सगळा कारभार इंचात, त्यामुळे पुढे मापंही थाऊमध्येच दिली आहेत. १ थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिमी.

जुना एमएल-७ घरी आला की पहिली ऊर्मी असते ती रंग खरवडायची. रंगाने जॉबचा (कापल्या जाणाऱ्या तुकड्याचा) व्यास सुधारत नाही. दुसरी ऊर्मी बेड (यंत्राचा लांब बिडाचा पाया) ग्राइंड करून आणायची, आणि ती जास्त महागात पडते: बेडचा वरचा थर निघाला की सॅडल (बेडवर सरकणारा, टूल वाहणारा भाग) खाली बसतं, हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दुभागलेला नट) आणि लीड स्क्रू यांची ओळ बिघडते, आणि ती परत जुळवायला शिमा (पातळ पत्रे) घालत बसावं लागतं. बहुतेक लेथना ग्राइंडिंग लागतच नाही. दोष कुठे आहे हे आधी आकड्यात कळलं पाहिजे.

झीज कुठे बघायची

साधनं चार: इंची मायक्रोमीटर, थाऊ मोजणारा डायल गेज आणि मॅग्नेटिक स्टँड, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या), आणि १ इंच व्यासाचा फ्री-कटिंग पोलादाचा तुकडा.

बेडला सपाट माथ्याच्या दोन पट्ट्या आहेत, पुढची आणि मागची. रॉकेलने पुसून पुढच्या पट्टीवर दर २ इंचांवर खडूची खूण करा आणि प्रत्येक खुणेवर दोन मापं घ्या. एक पट्टीची जाडी, म्हणजे माथा ते खालची बाजू. दुसरं पट्टीची रुंदी, म्हणजे पुढचा उभा चेहरा ते आतला उभा चेहरा. मग मागच्या पट्टीची जाडी. टेलस्टॉकच्या टोकाला, जिथे सॅडल सहसा पोचत नाही, तिथलं माप मूळ समजा आणि बाकीची त्याच्याशी ताडा. झीज जवळजवळ नेहमी चकपासून (जॉब धरणाऱ्या पकडीपासून) ४ ते ८ इंचांच्या टापूत सापडते, कारण बहुतेक जॉब तेवढेच लांब असतात.

आता या आकड्यांचा अर्थ. दोन्ही पट्ट्यांचा माथा सारखाच ३ थाऊ खाली गेला असेल तर टूल सरळ खाली उतरतं. १ इंच व्यासाच्या जॉबवर याने त्रिज्येत पडणारा फरक एका थाऊच्या शंभराव्या भागाइतका. विसरून जा. पण फक्त पुढची पट्टी मागचीपेक्षा ३ थाऊ जास्त झिजली असेल तर सॅडल पुढे कलतं. पट्ट्यांच्या बाहेरच्या कडांमध्ये अंतर सुमारे ४.५ इंच आणि टूलचं टोक माथ्यापासून ३.५ इंच वर, म्हणजे टोक तुमच्याकडे सुमारे २.३ थाऊ सरकतं आणि व्यास साडेचार थाऊने वाढतो. आणि उभ्या चेहऱ्याची झीज तर थेट दुप्पट होऊन व्यासात उतरते: १ थाऊ बाजूला, २ थाऊ व्यासात.

म्हणून माथ्यावरचे ओरखडे पाहून घाबरू नका, आणि चकचकीत माथा पाहून फसूही नका. खरा दोषी बहुधा पुढच्या पट्टीचा आतला उभा चेहरा असतो, जो वरून पाहताना दिसतच नाही.

पाने, तेल आणि ग्रीसचा मोह

या यंत्रावर बीएसएफ आणि बीए, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापांचे आटे आहेत. मेट्रिक पाना “जवळपास बसतो” म्हणून लावला की नटाचे कोपरे जातात, आणि मागच्या मालकांनी ते काम बऱ्याचदा अर्धं उरकलेलं असतं. व्हिटवर्थ मापाचे दोन-चार पाने घ्या; मुंबईत नागदेवी स्ट्रीटला शोधलं तर मिळतात.

हेडस्टॉकला आयएसओ ३२ दर्जाचं हायड्रॉलिक तेल, बेड आणि स्लाइडना आयएसओ ६८ चं स्लाइडवे तेल. स्लाइडवे तेल चिकट असतं, सावकाश सरकणाऱ्या पृष्ठभागावर टिकून राहतं आणि सॅडल हळू फीडवर गचके खात नाही. गाडीचं इंजिन ऑइल स्पिंडलला जाड पडतं.

यंत्रावरचे निप्पल ग्रीसगनच्या निप्पलसारखे दिसतात, पण ते तेलाच्या पिचकारीसाठी आहेत. कोणीतरी कधीतरी त्यात ग्रीस भरलेलं असतंच. ते आत वाळून तेलाची वाट बंद करतं आणि बाहेरून सगळं तेलकट दिसत राहतं. निप्पल काढा, भोकात रॉकेल सोडा, बारीक तारेने वाट मोकळी करा, आणि तेल दुसऱ्या टोकाला खरंच बाहेर येतं का ते बघा.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी जागा म्हणजे स्पिंडलवरची पुली. बॅक गिअर (वेग कमी करणारी दातेरी चाकं) लावला की पुली स्पिंडलवर मोकळी फिरते. पुलीच्या खाचेत एक बारीक, बिनमाथ्याचा ग्रब स्क्रू असतो. तो काढून तेल सोडायचं आणि परत बसवायचा. बॅक गिअरवर काम करण्याआधी दर वेळी. हे न केल्यास पुली स्पिंडलला धरते, आणि ती सोडवताना पुली फुटण्याची शक्यता दांडगी.

चक अडकला तर

बॅक गिअर आणि सरळ ड्राइव्ह एकाच वेळी गुंतवून स्पिंडल जाम करायचा आणि चकला हिसका द्यायचा, ही युक्ती फार पसरलेली आहे. बॅक गिअरचे एक-दोन दात तुटलेले एमएल-७ इतके दिसतात ते याच युक्तीमुळे. लेथ विकत घेताना पहिल्यांदा हेच दात मोजा.

बरोबर रीत: प्लग काढा. मागच्या पट्टीवर लाकडाचा ठोकळा ठेवा. चकचा एक जबडा त्या ठोकळ्यावर येईल असा चक हाताने उलटा फिरवा, आणि मग बेल्ट हाताने उलट्या दिशेला झटक्याने ओढा. नाही सुटला तर आट्यांच्या सांध्यात पातळ तेल सोडून रात्रभर ठेवा. चक परत लावताना आटे आणि टेकणारा खांदा ब्रशने साफ करा. तिथे अडकलेला एक कीस चकला कित्येक थाऊ वाकडा बसवतो.

स्पिंडलचे बेअरिंग

एमएल-७ चे स्पिंडल बेअरिंग व्हाइट मेटलचे (मऊ मिश्रधातूचे), दोन फाकांत. सुपर ७ या मायफर्डच्याच दुसऱ्या लेथचं प्रकरण वेगळं आहे, त्याला पुढे निमुळतं ब्राँझ बुश येतं. तिथली रीत इथे लावू नका.

डायलचा स्टँड हेडस्टॉकवर बसवा, टोक चकच्या मागे स्पिंडलच्या खांद्यावर वरून टेकवा. चकमध्ये फूटभर लांब रॉड धरा आणि १०–१५ किलोच्या जोराने वर उचला. काटा १ थाऊच्या आत हलला तर बेअरिंगला हात लावायचा नाही. दीड-दोन थाऊ किंवा जास्त हलला तर शिम कमी करायची.

बेअरिंगच्या प्रत्येक टोपीखाली दोन्ही बाजूंना पापुद्र्यांची शिम असते, एकेक पापुद्रा सुमारे २ थाऊचा. टोपी काढा, शिमच्या कोपऱ्यात ब्लेड घालून एक पापुद्रा सोलवटा. पुढच्या बाजूचा काढला तर मागच्या बाजूचाही काढा, नाहीतर टोपी तिरकी बसून फक्त कडेला घासते. सोललेला पापुद्रा टाकू नका. जास्त घट्ट झालं तर तोच परत सारता येतो; नसला तर पितळी शिमस्टॉक शोधत फिरावं लागतं.

टोप्यांचे नट पूर्ण घट्ट करायचे. नट अर्धवट ढिला ठेवून स्पिंडल “मोकळा” करणं ही चूक आहे. फटीचं माप शिमने ठरतं. ढिला नट कापताना थरथरतो आणि जॉबवर लाटा उठतात. बेल्ट सोडून स्पिंडल हाताने फिरवा, जड पण सारखा फिरला पाहिजे. मग ठिबक तेलदानीतून मिनिटाला पाच-सहा थेंब सोडून मधल्या वेगावर अर्धा तास चालवा. टोपीवर हात ठेवता आला पाहिजे. हात पटकन मागे घ्यावासा वाटला तर थांबवा आणि पापुद्रा परत घाला. व्हाइट मेटल मऊ असतं. एकदा पुसटलं की नवं ओतून घेण्याशिवाय इलाज नाही.

उभी फट झाल्यावर आडवी. डायल चकच्या चेहऱ्याला लावून स्पिंडल पुढे-मागे ढकला. अर्धा ते एक थाऊ ठीक. जास्त असेल तर डाव्या टोकाकडचा रिंग नट किंचित आवळून त्याचा ग्रब स्क्रू परत लावा. फेसिंग (टोक सपाट कापणं) करताना मधूनच खरबरीत वर्तुळं उमटत असतील तर कारण बरेचदा इथेच असतं.

बेडचा पीळ

लेथ पाणसळीत असणं आवश्यक नाही. उतारावरही तो सरळ कापेल, फक्त बेड पिळलेला नको. चार पाय असमान टेबलावर आवळले की बिडाचा बेडसुद्धा पिळतो. पायांखाली मायफर्डचे उंचीचे ठोकळे आणि समायोजनाचे स्क्रू असतील तर काम सोपं. नसतील तर पितळी शिमा.

१ इंची रॉड चकमध्ये धरा, ५–६ इंच बाहेर, टेलस्टॉक न लावता. मधला भाग थोडा उतरवून दोन टोकांना अर्ध्या इंचाच्या दोन कड्या शिल्लक ठेवा. धारदार एचएसएस (हाय-स्पीड पोलादाच्या) टूलने दोन्ही कड्यांवर क्रॉस स्लाइड (टूल आडवं सरकवणारा भाग) न हलवता २ थाऊचा शेवटचा कट घ्या आणि मायक्रोमीटर लावा.

बाहेरची कडी जाड निघाली तर टेलस्टॉककडच्या पायाची पुढची बाजू उचला. सॅडल मागे कलतं, टूल अक्षाकडे जातं. बारीक निघाली तर उलट. एका वेळी एका स्क्रूला पाव फेरा, आणि दर वेळी नवा कट. ५ इंचांत अर्ध्या थाऊचा फरक राहिला की थांबा.

इथे एक सापळा आहे. चकजवळ झिजलेला बेड चकजवळची कडी जाड करतो. तो फरक पायांचे स्क्रू फिरवून घालवता येतो, म्हणजे झीज लपवायला बेड मुद्दाम पिळला जातो. ५ इंचांच्या तुकड्यावर सगळं छान, १२ इंचांच्या शाफ्टवर गोंधळ. म्हणूनच मायक्रोमीटर आधी आणि पाय नंतर.

अरुंद गाइड ते रुंद गाइड

जुन्या एमएल-७ मध्ये सॅडल फक्त पुढच्या पट्टीला धरून चालतं: पुढच्या चेहऱ्यावर जिब (फट घट्ट करणारी पट्टी), आतल्या चेहऱ्यावर सॅडलचा पक्का काठ. कापताना टूल सॅडलला तुमच्याकडे ढकलतं, तो सगळा भार आतल्या चेहऱ्यावर येतो, आणि तोच झिजतो. मागच्या पट्टीच्या बाहेरच्या चेहऱ्याला मात्र काहीच टेकत नाही. पन्नास वर्षं वापरलेल्या यंत्रावरही तिथे कारखान्यातल्या ग्राइंडिंगच्या रेषा स्पष्ट दिसतात. मायफर्डने १९७२ मध्ये स्वतःच रचना बदलून सॅडलला पुढच्या पट्टीचा पुढचा आणि मागच्या पट्टीचा मागचा चेहरा असा रुंद आधार दिला. हा बदल जुन्या यंत्रावर घरी करता येतो, बेड न ग्राइंडता. आतल्या चेहऱ्याची झीज २ थाऊच्या पुढे असेल तर याच्याइतका फायदा दुसऱ्या कुठल्याच कामात नाही.

टेलस्टॉक काढा. लीड स्क्रूचा उजवा ब्रॅकेट सोडवा, एप्रन (सॅडलच्या पुढे खाली लोंबणारा भाग) उतरवा, सॅडल उजवीकडून बाहेर काढा. सॅडलची मागची आतली भिंत आणि बेडचा मागचा चेहरा ॲसिटोनने पुसा. सॅडल परत टेलस्टॉकच्या न झिजलेल्या टोकावर ठेवा, जिब आवळून आतल्या काठावर नीट टेकवा, आणि मागच्या भिंतीची फट दोन्ही टोकांना फिलर गेजने मोजा. दोन मापांत फरक असेल तर लिहून ठेवा.

आता पट्टी. ग्राउंड गेज प्लेट (ग्राइंड केलेली पोलादी पट्टी) किंवा फॉस्फर ब्राँझ, सॅडलच्या भिंतीइतकी लांब. जाडी मोजलेल्या फटीपेक्षा १० थाऊ जास्त. हे १० थाऊ मुद्दाम: तेवढं सॅडल मागे सरकतं, आणि जुना पक्का काठ आतल्या चेहऱ्यापासून १० थाऊ सुटतो. तो सुटला नाही तर सॅडल दोन्हीकडे अडकतं आणि सगळा खटाटोप वाया. सॅडल मागे सरकल्यामुळे पुढे जिबची जागा तेवढीच कमी होते. जिबचे स्क्रू मागे घेऊनही बसत नसेल तर जिब १० थाऊ पातळ करावा लागतो. एप्रनही तेवढाच सरकतो, म्हणून शेवटी हाफ नट बंद करून लीड स्क्रू वाकतो का ते बघायचं, आणि वाकत असेल तर ब्रॅकेटचे बोल्ट ढिले करून परत जुळवून घ्यायचे.

पट्टी भिंतीला चिकटवायला सावकाश बसणारा इपॉक्सी, पाच मिनिटांचा नको. शिवाय दोन-तीन काउंटरसंक स्क्रू, माथे पृष्ठभागाच्या खाली. बेडच्या चेहऱ्यावर मेणाचा पातळ हात द्या म्हणजे बाहेर आलेला इपॉक्सी तिथे धरणार नाही. सॅडल जागेवर बसवा, जिब हलका आवळा, चोवीस तास हात लावू नका.

नंतर मार्किंग ब्लू (कुठे टेकतं ते दाखवणारा निळा रंग) लावून सॅडल थोडं पुढे-मागे करा. पट्टीच्या दोन्ही टोकांजवळ निळा डाग आला पाहिजे. फक्त मध्ये आला तर सॅडल डोलेल. मध्य स्क्रेपरने उतरवा.

या पट्टीवरच क्रॉस स्लाइडचा काटकोन ठरतो. ५–६ इंचांची बिडाची चकती फेस करा. टूलपोस्टमध्ये डायल धरून क्रॉस स्लाइड चकतीच्या मध्यापासून पुढच्या कडेपर्यंत हलवली तर काटा हलणार नाही, कारण तो टूलच्याच वाटेने जातो. तो मध्य ओलांडून मागच्या कडेपर्यंत न्या. तिथे दिसणारा आकडा खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. चकती मध्ये किंचित खोल असावी, फुगीर कधीच नको, कारण फुगीर चेहरा दुसऱ्या तुकड्यावर टेकवला की डुगडुगतो. ३ इंच त्रिज्येत अर्धा थाऊ खोली पुरे. फुगीर निघाली तर क्रॉस स्लाइडचं मागचं टोक चकपासून दूर जात आहे, म्हणजे सॅडल वरून पाहताना घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वळलं आहे. पट्टीचं डावं टोक, चककडचं, थोडं स्क्रेप करा. चूक छोटी असते, धीर मोठा लागतो.

जिब, क्रॉस स्लाइड

सॅडलचा जिब आणि खालच्या पट्ट्या झिजलेल्या मध्यावर जुळवल्या तर टेलस्टॉककडे सॅडल अडकतं. जिथे सगळ्यात घट्ट, तिथे जुळवा; मध्ये थोडा प्ले राहील, तो सोसा.

क्रॉस स्लाइडचा स्क्रू १० टीपीआय, एक फेरा १०० थाऊ. हँडलला २० थाऊ बॅकलॅश (दिशा बदलताना हँडलचं रिकामं फिरणं) दिसला की लोक लगेच नट बदलतात. आधी हँडल धरून स्लाइड हाताने पुढे-मागे ढकला. हँडलही सोबत हलत असेल तर प्ले टोकाच्या कॉलरमध्ये आहे, आणि तो नट आवळून जातो. हँडल स्थिर आणि स्लाइड हलत असेल तरच नट झिजला. ८–१० थाऊ बॅकलॅशवर उत्तम काम होतं, फक्त कट नेहमी एकाच दिशेने द्यायचा.

मोटर आणि व्हीएफडी

मूळ यंत्र ३५ ते ६४० आरपीएमपर्यंत सहा वेगांचं. अर्धा एचपीची थ्री-फेज मोटर आणि सिंगल-फेज इनपुटचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक उपकरण) लावला की थरथर कमी होते आणि बेल्ट वारंवार बदलावा लागत नाही. घरच्या २३० व्होल्टवर मोटर डेल्टात जोडायची असते. भारतात मिळणाऱ्या लहान मोटरी बऱ्याचदा ४१५ व्होल्टच्या स्टार जोडणीच्या, बाहेर तीनच वायरी. सहा टोकं बाहेर काढलेली आहेत का ते विकत घेण्याआधी बघा. नसतील तर वाइंडिंगवाल्याकडून काढून घ्यावी लागतात.

व्हीएफडीमध्ये चार गोष्टी ठरवा. वरची मर्यादा ६० हर्ट्‌झ, व्हाइट मेटलला त्याहून जास्त कशाला. खालची २० हर्ट्‌झ, कारण मोटरचा पंखाही मोटरबरोबर मंदावतो आणि ती तापते. जड काम असेल तर बॅक गिअर वापरा. थांबायला किमान ३–४ सेकंद, कारण स्पिंडल झटक्यात थांबला तर वजनदार चक आट्यांवरून सुटून पुढे येतो. याच कारणासाठी रिव्हर्स बंद ठेवा. आणि वीज जाऊन परत आली तर लेथ आपोआप सुरू होता कामा नये. भारनियमनाच्या गावात हे पॅरामीटर पहिलं. व्हीएफडी आणि मोटर यांच्यामध्ये जुना ड्रम स्विच ठेवू नका. चालू लोडवर तो उघडला की व्हीएफडीचं आउटपुट जळतं. अर्थिंग मोटरच्या बॉडीला आणि लेथच्या स्टँडला, दोन्हीकडे.

बेल्ट बदलायचा असेल तर कड्या जोडून बनणारा लिंक बेल्ट घ्या. अखंड बेल्टसाठी स्पिंडल उचलावा लागतो, आणि मेहनतीने बसवलेल्या शिमा पुन्हा हलतात.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात बेड एका रात्रीत तांबूस होतो. काम संपलं की कीस ब्रशने काढा, हवेच्या फवाऱ्याने नाही. फवारा तो सॅडलच्या खाली ढकलतो. स्लाइडवे तेलाचा हात द्या आणि वर जुनी सुती चादर टाका. प्लास्टिकखाली घाम धरतो. एमरी पेपर वापरायचाच असेल तर बेडवर आधी कागद पसरा, आणि तो कागद नंतर झटकू नका, गुंडाळून टाका.